दुसऱ्याचा ठेका

आमच्या धरणगांवांत भजनास बसणाऱ्या मंडळींस पेटी, मृदंग व टाळ यांचें नातें समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु पियानोच्या साथीनें चौघांनीं वाजविलेलें ‘जॅझ’ संगीत कानीं पडलें, तर पुष्कळांस तो नुसता गोंगाट वाटतो. त्या गोंगाटांतही एक शिस्त असते. ती कोणती, हें एका ध्वनिमुद्रिकेच्या आधारें विद्यार्थिमित्रांस सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचा जन्म १९२० सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत झाला. आई पियानो शिकवीत असे. वडील गुरांच्या मोठ्या कुरणाचा कारभार पाहत. पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या ठोक्यावर मनांतल्या मनांत दुसरा ठेका धरण्याची संवय त्यांना लहानपणींच जडली. विहिरीवरचें इंजिन ऐकत वाढलेल्या आमच्या बालवाचकांस यांतील गोडी निराळी सांगणें नको.

१९५८ सालीं ब्रुबेक आपल्या तीन साथीदारांसह पोलंड, तुर्कस्तान, भारत इत्यादि देशांत वाजवीत फिरले. मुंबईंत त्यांनीं सतारवादक अब्दुल हलीम जाफर खां यांच्यासह वादन केलें. परतल्यावर त्याच वर्षीं ‘जॅझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया’ ही सहा रचनांची ध्वनिमुद्रिका त्यांनीं तयार केली. तींतील ‘गोल्डन हॉर्न’ ही रचना ‘फार आभारी आहें’ अशा अर्थाच्या तुर्की शब्दांच्या उच्चारांत जो ठेका आहे, त्यावर उभारलेली आहे. दुसऱ्या एका रचनेचें नांवच पोलिश भाषेंत ‘आभार’ असें आहे. ‘कलकत्ता ब्लूज’मध्यें तर जो मोरेलो यांनीं काठ्या बाजूस ठेवून, तबल्याप्रमाणें बोटांनीं ड्रम वाजविले आहेत.

अशा संगीताची रीत साधी आहे. आरंभीं सर्वजण मिळून मुखडा वाजवितात. मग त्याच आवर्तनाच्या चौकटींत एकेक वादक आपल्या स्फूर्तीप्रमाणें विस्तार करतो व बाकीचे त्यास साथ देतात. शेवटीं सर्वजण पुन्हां मुखड्यावर येतात. पियानोवादक नायक असला, तरी पॉल डेस्मंड यांचा सॅक्सोफोन चालू असतां त्यानें हात आवरून ऐकलेंच पाहिजे. ज्यास ऐकतां येत नाहीं, त्यास येथें वाजवितांही येत नाहीं.

ही शिस्त व्यासपीठापुरतीच नव्हती. त्या दौऱ्यांत बास हें मोठें तंतुवाद्य वाजविणारे यूजीन राइट हे कृष्णवर्णीय होते. पुढें १९६० सालीं अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कांहीं महाविद्यालयांनीं त्यांच्या जागीं गोरा वादक आणावा, असा आग्रह धरला. ब्रुबेक यांनीं तो साफ नाकारला आणि तेथें ठरलेले बहुतेक कार्यक्रम गमावले. पण साथीदार सोडला नाहीं.

मुलांनो, ‘आभारी आहें’ हे आपले शब्द एकदां मोठ्यानें म्हणा व त्यांवर टाळी द्या. त्यांतही एक ठेका सांपडेल. मात्र तो सांपडण्यास ते शब्द आधीं मनापासून कोणास तरी म्हटले पाहिजेत.