दृश्यांतर : पडदा केव्हा पाडावा?

शीळफाट्याहून सायंकाळच्या गर्दीत व्याख्यानाला पोहोचणे वृद्धांना अवघड जाते. असा श्रोता आता थेट प्रक्षेपणामुळे घरी बसून ऐकतो. त्याच्यासाठी दृश्ये कशी बदलावीत, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

२०१२ साली निघालेल्या ‘ओबीएस’ या विनामूल्य प्रणालीत त्याची अनेक साधने आहेत. ‘कट’ म्हणजे तात्काळ बदल. ‘फेड’मध्ये एक दृश्य विरत दुसरे उमटते, त्याचा मूळ अवधी ३०० मिलिसेकंद असून तो वाढविता येतो. ‘स्टिंगर’मध्ये आपली चित्रफीत मधून धावते. तिने चौकट पुरती झाकली, त्याच क्षणी मागचे दृश्य बदलले पाहिजे. सेकंदाला २५ चित्रांच्या फितीत विसाव्या चित्राला चौकट झाकत असेल, तर ८०० मिलिसेकंद हा आकडा नेमून द्यावा. पडदा पडण्याआधीच नेपथ्य हलविले, तर रसभंग होणारच!

प्रत्येक दृश्याला निराळे दृश्यांतरही नेमता येते. वक्ता आणि त्याचा नकाशा यांमध्ये कट, मध्यंतराला फेड, आरंभी व शेवटी स्टिंगर, एवढे पुरे. फितीचा आवाज मात्र वक्त्याच्या वाक्यावर पडू देऊ नये. सभागृहात हुकलेले वाक्य शेजाऱ्याला विचारता येते. घरी एकट्याने कोणाला विचारावे?