तलावाची भिंत चढणारा रोबो

पावसाळ्यात अलिबाग-लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या पोहण्याच्या तलावांत पाला आणि माती साचते. बिनवायरचा रोबो ती कशी काढतो? पोटातला पंप तळाचं पाणी खेचतो, कचरा जाळीत अडकतो आणि गाळलेलं पाणी वरच्या तोंडातून जोरात बाहेर पडतं. खरी करामत इथे आहे. त्या झोताच्या उलट्या धक्क्याने यंत्र पृष्ठभागावर घट्ट दाबलं जातं, म्हणूनच रबरी पट्ट्यांवर ते उभी भिंतही चढतं. पाण्यात रेडिओलहरी चटकन विरतात. त्यामुळे बुडी मारल्यावर रोबोचा मोबाइलशी संपर्क सहसा तुटतो. लिथियम-आयन बॅटरी साधारण दोन-तीन तास पुरते. चार्जिंग मात्र यंत्र बाहेर काढून, नीट कोरडं करूनच करावं. ब्रशने शेवाळ खरवडलं जातं, मरत नाही. त्यासाठी क्लोरीन हवंच, आणि पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ राखायला हवा.