ताणाचा हिशेब ठेवणारे रबर

विद्युतवाहक रबराची पट्टी ताणली की तिचा विद्युतरोध वाढतो. तो मोजला की पट्टी किती लांबली हे कळते. धातूच्या पातळ पापुद्र्याचे ताणमापकही याच तत्त्वावर चालतात. मात्र नेहमीचे मापक लांबीत काही टक्के वाढ झाली की निकामी होतात. धरणाला तेवढी क्षमता भरपूर झाली. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात सातारा जिल्ह्यातल्या कोयना धरणाला तडे गेले, ते प्रामुख्याने भिंतीचा उतार बदलतो त्या उंचीवर. काँक्रीट ताणले जाताना मीटरमागे जेमतेम 0.1 मिलिमीटर वाढले तरी तडकू शकते. सांगलीच्या तालमीत बैठका मारणाऱ्या पैलवानाच्या गुडघ्यावरची कातडी मात्र तीस टक्क्यांहूनही अधिक ताणली जाते. तिथे धातूचा काय पाड!

नैसर्गिक रबर भरपूर ताणते, पण वीज वाहू देत नाही. म्हणून त्यात काजळी, कार्बनच्या नॅनोनलिका किंवा ग्राफीन मिसळतात. कण थोडे असले तर काहीच घडत नाही. एका ठरावीक प्रमाणापुढे मात्र कणाला कण भिडून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट तयार होते आणि रोध एकदम कोसळतो. रबराच्या चिकातच कार्बन मिसळला, तर तो चिकाच्या थेंबांमधल्या फटींत दाटतो आणि कमी मालात काम भागते. पट्टी ताणली की कण दूर सरतात. काही नॅनोमीटरचे अंतर इलेक्ट्रॉन ओलांडू शकतात, पण ते किंचित वाढले तरी रोध अनेक पटींनी चढतो. पट्टीची संवेदनशीलता येते ती इथूनच.

2014 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील आणि इंग्लंडच्या सरे विद्यापीठातील संशोधकांनी साधे रबरबँड द्रावकात फुगवून त्यांत ग्राफीन मुरवले. ते बँड 800 टक्के ताणल्यावरही मोजमाप देत होते.

खरी अडचण पुढे आहे. ताणताना आणि सैल सोडताना, लांबी तीच असूनही रोध वेगळा भरतो. पहिल्या काही ताणांत कणांच्या काही वाटा कायमच्या तुटतात. म्हणून पट्टी वापरण्याआधी अनेकदा ताणून ‘रुळवावी’ लागते. तापमानानेही आकडा सरकतो, आणि हवेतल्या ओझोनने नैसर्गिक रबराला भेगा पडतात. त्यामुळे बैठका मोजायला किंवा श्वासाची लय टिपायला ही पट्टी उत्तम. गुडघा नेमका किती अंशांत वळला हे सांगायला अजून कच्ची. धरणातही ती सांध्याची फट किती उघडली एवढेच दाखवू शकेल, काँक्रीटमधला सूक्ष्म ताण नव्हे.