माउली, लोकेशन टाका

दिंडीचा ट्रक दिंडीबरोबर नसतो. वारी टीव्हीवर पाहणाऱ्याच्या हे सहसा लक्षात येत नाही. चालणारे टाळ-पखवाज, पताका आणि तुळशीवृंदावनं घेऊन रथाच्या मागेपुढे. आणि तंबू, पातेली, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या नि शंभरेक वळकट्या घेऊन ट्रक दुसऱ्याच रस्त्याने पुढच्या मुक्कामाला. सकाळी ताटातूट, संध्याकाळी गाठभेट. लाखोंच्या गर्दीत, रोज नव्या गावात, अंधार पडायच्या आत आपला तंबू शोधायचा, हे वारकऱ्याचं न दिसणारं काम. पूर्वी ते तोंडी निरोपांवर आणि ट्रकवर लावलेल्या फलकावर चालायचं. आता व्हॉट्सॲपवर चालतं. ‘माउली, लोकेशन टाका’ हे वाक्य वाटेवर ‘माउली, जरा सरका’ इतकंच कानावर पडतं.

मी चाललो ती दिंडी माझ्या आजोळच्या भागातली. भिशी, म्हणजे वाटखर्चाची वर्गणी, भरलेली मंडळी दीडशेच्या आसपास, त्यात निम्म्याहून अधिक बायका. ट्रकचं सगळं बघायला एक पोरगा, विशी-बाविशीतला. त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणतात, सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा. पाण्याचा टँकर बोलवणं, तंबूची जागा धरणं, आचाऱ्याशी भांडणं आणि दिंडीच्या ग्रुपवर लोकेशन टाकणं ही त्याची कामं. यातलं शेवटचं सगळ्यात सोपं असेल, अशी माझी समजूत होती. पुणे ते सासवड या टप्प्यात ती फिटली.

हा टप्पा आळंदी-पंढरपूर वाटेवरच्या सगळ्यात लांब पल्ल्यांपैकी एक, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि शेवटी दिवे घाटाची चढण. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळातून भल्या सकाळी निघते. त्याच दिवशी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाकडून तुकाराम महाराजांची पालखीही निघते. दोन्ही सोहळे हडपसरपर्यंत एकाच दिशेने जातात. तिथून तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे आणि माउलींची सासवडकडे. घाट त्या दिवशी इतर वाहनांना बंद असतो, त्यामुळे भाऊचा ट्रक बोपदेव घाटाने आधीच वर गेलेला.

निघण्यापूर्वी भाऊने दिंडीतल्या एका चुणचुणीत मुलीच्या फोनवर लाइव्ह लोकेशन चालू करून दिलं होतं. झेंडेकऱ्याच्या मागोमाग तिने चालायचं, म्हणजे ट्रकवर बसून त्याला दिंडी कुठवर आली ते दिसेल आणि भात कधी चढवायचा ते ठरवता येईल. व्हॉट्सॲपने ही सोय २०१७ साली आणली. तिच्यात तीनच मुदती आहेत : १५ मिनिटं, १ तास, ८ तास. आठ तास ऐकायला पुष्कळ वाटतात. ऑफिसातून घरी निघालेल्या माणसाला ते पुरून उरतील. पण सकाळी सहाला चालू केलेलं लोकेशन दुपारी दोनला बंद पडतं, आणि दोन वाजता आपण हडपसरच्या पुढे कुठेतरी, घाटाच्या अलीकडेच असतो. म्हणजे ज्या घाटासाठी ही सगळी खटपट, तो चढायच्या आधीच ठिपका गायब. दुपारच्या विसाव्याला आठवणीने पुन्हा चालू करायला लागतं. मुलीने तळहातावर बॉलपेनने ‘२ वा.’ लिहून ठेवलं होतं.

दुसरी मेख फोनच्या आत असते. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली ॲपं गुपचूप झोपवतो. लोकेशनची परवानगी ‘अलाऊ ऑल द टाइम’ अशी दिली नसेल, तर फोन खिशात गेला, स्क्रीन काळी झाली, की ठिपका जागीच थिजतो. पाहणाऱ्याला वाटतं, दिंडी थांबली. खाली बारीक अक्षरात ‘४० मिनिटांपूर्वी अपडेट’ असं लिहिलेलं असतं, पण तिकडे कोण बघतो! सगळ्यांचा डोळा ठिपक्यावर. भाऊ मात्र आधी ती बारीक ओळ वाचतो, मग नकाशा. लोकेशन कसं वाचावं, याचा एवढा एक धडा मी त्याच्याकडून घेतला.

हडपसरच्या पुढे रेंज गेली. म्हणजे फोनवर दोन दांड्या दिसत होत्या, पण काही जात-येत नव्हतं. इथे लोकांचा एक ठाम गैरसमज आहे : ‘जीपीएस लागत नाही.’ जीपीएस लागलेलंच असतं. उपग्रह वर सुमारे २०,२०० किलोमीटरवरून आपापली वेळ आणि जागा सतत सांगत असतात आणि फोन ते फक्त ऐकतो. उलट काहीही पाठवत नाही, त्यामुळे खाली लाखभर लोक ऐकत असले तरी वर गर्दी होत नाही. किमान चार उपग्रह ऐकू आले की संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून फोन स्वतःची जागा काढतो. ही वेळ इतकी काटेकोर लागते, की सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा ३०० मीटरने हुकते. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम घोळ घालत असे, त्यामुळे शंभरेक मीटरचा फरक पडायचा. आता मोकळ्या आभाळाखाली साधा फोनही पाचेक मीटरपर्यंत नेम धरतो. अडतं ते पुढे : काढलेली जागा दुसऱ्याला कळवायला इंटरनेट लागतं, आणि तो टॉवर एका गावापुरता बांधलेला असतो. त्याच्यावर त्या दिवशी अख्खी वारी चढते.

यावर भाऊचा तोडगा जुना आणि झकास आहे. डेटा चालत नाही तिथे साधा एसएमएस बऱ्याचदा रडतखडत का होईना, जातो. नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात. ते एसएमएसने धाडायचे. १८.३४, ७४.०३ एवढं लिहिलं तरी सासवड सापडतं; दशांशचिन्हापुढे चार आकडे असतील तर दहा-अकरा मीटरच्या आत तंबू. सहावी-सातवीत भूगोलात घोकलेल्या अक्षवृत्तांचा असा रोकडा उपयोग होताना मी पहिल्यांदाच पाहिला.

घाटात ठिपका वेड्यासारखा वागतो. एका अंगाला डोंगराची कापलेली कडा असते. तिकडचे उपग्रह झाकले जातात आणि काही संदेश दगडावर आपटून उशिरा येतात. फोनला वाटतं, आपण लांब आहोत. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ फुगतं. ‘मी या वर्तुळात कुठेतरी आहे, नक्की कुठे ते विचारू नका’ असा त्याचा अर्थ. नागमोडी वळणांवर तर ठिपका खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्यावर उडी मारतो, आणि ट्रकवर बसलेल्या भाऊला वाटतं दिंडी एकदम वळण चढून आली.

पण खरा घोटाळा अचूकतेचा नाहीच. घाटाच्या पायथ्याशी आमच्यातल्या एक आजी मागे राहिल्या. त्यांच्या नातसुनेने, जी त्यांच्याबरोबरच थांबली होती, जमेल तसं लोकेशन पाठवलं. ते पोचलं. एक जण उलटा चालत त्या पिनेपाशी गेलादेखील, म्हणजे गर्दीच्या विरुद्ध, घामाघूम होऊन. तिथे कोणी नव्हतं. असणार कसं? त्याला पोचायला लागली अर्धी घटका, तेवढ्यात त्या दोघी प्रवाहाबरोबर पुढे सरकलेल्या. दोघे एकमेकांना कधीतरी ओलांडून गेले असणार. मग रस्त्याकडेच्या एका सेवेकऱ्याने आजींच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं, त्यावरचा दिंडी क्रमांक वाचला आणि म्हणाला, “तुमची दिंडी पुढं गेलीय माउली, ही अजून वीस नंबर मागची आहे. कडेनं चालत राहा.” आजी कडेने चालत राहिल्या आणि पुढच्या विसाव्याला दिंडीत आल्या.

मला हे फार मोलाचं वाटलं. माउलींच्या सोहळ्यात प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली असते. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे शेकडो, आणि प्रत्येकीचा क्रमांक. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिचा हा पसारा. ‘रथामागे अमुक नंबर’ हा पत्ताच आहे, पण जमिनीवरचा नव्हे, चालत्या रांगेतला. फोन सांगतो पृथ्वीच्या पाठीवर तुम्ही कुठे आहात. चालत्या माणसाला हवं असतं, आपल्या माणसांच्या तुलनेत आपण कुठे आहोत, पुढे की मागे, आणि किती. त्याचं उत्तर नंबर देतो, नि त्याला चार्जिंग लागत नाही.

म्हणून ठिपका फोल असं मात्र नाही. त्याच दिवशी सकाळी आमचे एक तात्या हडपसरला चहाला थांबले आणि भलत्याच लोंढ्यात शिरले. त्यांनी रीतसर विचारलं, “रथामागं अमुक नंबर कुठंय?” लोकांनी रीतसर दाखवला. दिंडी सापडली, पण तोंडं अनोळखी. ते तुकोबांच्या सोहळ्यात होते. तिथेही रथ आहे, तिथेही नंबर आहेत. नंबरच्या भरवशावर ते लोणीला पोचले असते. तात्यांच्या फोनवरून दुसऱ्या एका वारकऱ्याने लोकेशन पाठवलं, ग्रुपवर ठिपका सोलापूर रस्त्यावर उमटला आणि भाऊने फोन करून त्यांना माघारी वळवलं. तात्या संध्याकाळपर्यंत सांगत होते, आज दोन्ही पालख्यांचं दर्शन झालं.

ठिपका फोनचा असतो, माणसाचा नसतो, हेही वाटेवर पुन्हापुन्हा दिसतं. मुंबईतल्या एका मुलाने आईच्या फोनवर गूगल मॅप्समधून कायमचं लोकेशन शेअरिंग लावून दिलं होतं. तिथे ‘बंद करेपर्यंत’ असा पर्याय आहे. दुपारी त्याचा फोन भाऊला : आईचा ठिपका केव्हापासून पळतोय, ताशी चाळीसच्या वेगाने, बोपदेव घाटात! आई मजेत फुगडी घालत होत्या. फोन ट्रकमध्ये, वळकटीत. दुसऱ्या एका काकूंनी मात्र लोकेशन चालू करायला साफ नकार दिला. दिंडीप्रमुखांनी समजावलं, तरी बधल्या नाहीत. “घरी असताना सासू विचारायची कुठं गेलतीस, आता सून विचारते. हे पंधरा-वीस दिवस कुणी विचारायचं नाही.” भाऊने त्यांच्या ओळखपत्रामागे आपला नंबर लिहून दिला आणि विषय संपवला. मला त्याचं वागणं पटलं. ग्रुपवर टाकलेलं लोकेशन ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं. दीडशे माणसांत कोणाकोणाला दिसावं हे ज्याचं त्याने ठरवायचं. संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही, अशी व्हॉट्सॲपची व्यवस्था आहे, पण काकूंना काळजी वाटेतल्या लोकांची नव्हतीच.

सासवडला ट्रक लागला की भाऊ लाइव्ह लोकेशन टाकत नाही. तंबू काही चालत नाही, त्याला एकदाच पाठवलेली साधी पिन पुरे. पण तिच्याखाली तो न चुकता लिहितो : ‘सासवड मुक्काम’, पुढे तारीख. कारण ग्रुपवर आळंदीची पिन, पुण्याची पिन, सासवडची पिन, सगळ्यांचे चौकोन सारखेच दिसतात, आणि घाईत वर सरकवताना लोक कालच्या पिनेवर बोट ठेवतात. शिवाय नकाशाला शेतातली पायवाट ठाऊक नसते. तंबू समोर दिसत असताना तो रस्त्याने लांबचा वळसा घालायला सांगतो. म्हणून पिनेच्या जोडीला एक फोटो : मागे पाण्याची टाकी, पुढे दिंडीचा फलक. बहुतेक मंडळी पिन उघडतच नाहीत. फोटो दाखवत, टाकी विचारत येतात.

रात्री तंबूत एका फळीवर ठोकलेल्या बोर्डात वीस-पंचवीस चार्जर लटकत होते. प्रत्येक फोनला चिकटपट्टी, तिच्यावर गाव आणि आडनाव, कारण सगळ्यांचे फोन एकाच छापाचे. जनरेटर रात्री अकराला बंद होतो, तेवढ्यात पोटभर चार्ज होईल तो खरा. पालखीतळावर समाज आरती झाली. चोपदारांनी चोप उंचावला, टाळ थांबले, आणि हरवल्या-सापडल्याची यादी वाचली गेली. पाकीट, चष्मा, चपलांची पिशवी, आणि मोबाइल. मोबाइल बरेच होते.

भाऊ परतल्यावर ग्रुपवर लिहीत बसला. ‘उद्या मुक्काम इथेच. जेजुरीची पिन परवा दुपारनंतर टाकीन, तोवर कुणी मागू नये.’ पाठवून त्याने फोन फळीवर ठेवला. तो लगेच वाजला. शेजारच्याच तंबूतून कोणीतरी विचारलं होतं : ‘माउली, जेजुरीचं लोकेशन?’