जिच्यातून काहीच वाहत नाही ती तार

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, घर बांधायला घेतलं की पायाच्या खोदाईइतकीच चिवट आणखी एक खोदाई होते, आणि तिच्याकडे घरमालकाचं सहसा लक्षही जात नाही. घराच्या मागच्या अंगाला इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचे हेल्पर पहार घेऊन कातळ फोडत असतात. अडीच मीटर लांबीचा जी.आय. पाईप उभा राहील एवढा खोल खड्डा त्यांना हवा असतो. त्यातून निघालेली तार घराच्या प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटपर्यंत जाते. आणि घरात सगळं ठीकठाक चालू असेल तर या तारेतून जवळजवळ काहीच वाहत नाही. वर्षानुवर्षं नाही. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते, तिसरी, अर्थिंगची, नुसती वाट बघते. तरीही वायरिंगच्या धंद्यात कोण काय करतो आणि कोणाच्या डोक्यावर कसली जबाबदारी असते, हे समजून घ्यायचं तर या रिकाम्या तारेच्या मागे मागे जावं. ती सगळ्यांच्या दारावरून जाते.

आधी हा कातळ. जांभा मूळचा बहुतेक सह्याद्रीच्याच काळ्या दगडाचा. लाखो वर्षं उष्ण, पावसाळी हवेत तो झिजला, कुजला. पावसाने त्यातले विरघळणारे क्षार आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. मागे राहिली ती लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, म्हणून तो असा तांबडा. इतकं लोखंड असलेल्या दगडातून वीज सहज जाईल असं वाटतं, पण गंज वीज वाहून नेत नाही. जमिनीतून वीज वाहते ती मुख्यतः ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांच्या आधाराने, आणि नेमके तेच पावसाने पळवलेले. शिवाय जांभा सच्छिद्र. ऑगस्टमध्ये पाण्याने भरलेला सडा मे महिन्यात ठणठणीत कोरडा असतो. वायरमन खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतो, तेव्हा निसर्गाने लाखो वर्षांत जे काढून नेलं तेच तो मूठमूठ परत घालत असतो. आणि रत्नागिरीचा तीन हजार मिलिमीटरांहून जास्तीचा पाऊस ते दर वर्षी पुन्हा नेऊ लागतो!

याचा घरातल्या माणसांशी काय संबंध, ते साध्या भागाकारात दिसतं. फ्रिजच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर वीज अर्थिंगच्या तारेतून जमिनीत उतरते आणि जमिनीतूनच ट्रान्सफॉर्मरकडे परतते. देशावरच्या ओलसर काळ्या मातीत अर्थिंगचं रीडिंग दोन-तीन ओहमपर्यंत आणता येतं. सड्यावर एकट्या पाईपचं रीडिंग पन्नास ओहम आलं असं धरू. २३० व्होल्टला ५०ने भागा : ४.६ अँपिअर. पेटीतला एमसीबी, म्हणजे जास्त वीज वाहिली की पडणारा स्विच, मात्र १६ अँपिअरचा. त्याच्या लेखी ४.६ अँपिअर म्हणजे एखादी लहान इस्त्री चालू आहे. तो पडणारच नाही. फ्रिज थंड करत राहील, आतला दिवा लागेल आणि पत्र्यावर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट उभे असतील. अर्थिंग ‘केलेलं’ असूनही.

या कोड्यावरचा उपाय मला आजही थक्क करतो. पेटीतल्या आरसीसीबीमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून जातात. जाणारी आणि येणारी वीज समान असेल तर दोघींचे चुंबकीय परिणाम एकमेकांना पुसून टाकतात आणि कड्याला काही कळतच नाही. पण येणारी किंचित जरी कमी भरली, म्हणजे थोडी वीज भलत्याच वाटेने जमिनीत गेली, की कडं जागं होतं आणि स्विच पडतो. घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरक पुरतो. तेवढी वीज वाहायला अर्थिंग हजार ओहमचं असलं तरी चालतं. कोकणच्या कातळासाठीच जणू कोणी हे यंत्र घडवलं. रत्नागिरीत एस्टिमेट कमी करण्यासाठी कोणी आरसीसीबीवर काट मारत असेल, तर तो घराची भिंत काढून पैसे वाचवतोय असं मी म्हणेन.

एस्टिमेट लिहिणारा हा या धंद्यातला सर्वांत कमी ओळखला जाणारा माणूस. लहान फर्ममध्ये कंत्राटदार स्वतःच रात्री बसून ते लिहितो. त्यात एक ओळ असते : अर्थिंग, १ नग. जागा न बघता लिहिलेली ही ओळ सड्यावर गेली की खोटी ठरते. तिथे दोन-तीन खड्डे खणून एकमेकांना जोडावे लागतात, किंवा शक्य असेल तर पट्टी लांबवून खालच्या आगरातली ओली माती गाठावी लागते. खर्च वाढतो आणि वाद होतो. म्हणून चांगला कंत्राटदार आधी प्लॉट पायाखाली घालतो आणि मगच आकडा सांगतो.

पुढची माणसं कायद्यानेच वाटून दिलेली आहेत. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५वा नियम सांगत होता की विद्युत संचमांडणीचं काम परवानाधारक कंत्राटदारानेच करावं, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परमिट असावं. २०१०च्या सुरक्षा विनियमांनीही तेच सूत्र ठेवलं. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यापुरती सूट. म्हणजे एका कामावर तीन वेगळी कागदपत्रं आणि तीन वेगळ्या जबाबदाऱ्या. वायरमनचा सांधा घट्ट हवा. पर्यवेक्षकाने मोजलं पाहिजे. कंत्राटदाराने सही केली पाहिजे, आणि तीच सही टेस्ट रिपोर्टवर बसून नव्या जोडणीच्या अर्जासोबत महावितरणकडे जाते.

मोजणं म्हणजे मेगरने ५०० व्होल्टचा दाब देऊन तारांचं आवरण कुठे गळतंय का ते बघणं, आणि अर्थ टेस्टरच्या दोन खुंट्या दूरवर ठोकून जमिनीचा रोध वाचणं. सड्यावर खुंटी शिरत नाही. मग कातळावर भिजलेलं गोणपाट पसरून, त्यावर पत्रा ठेवून काम भागवावं लागतं. इथे पर्यवेक्षकाची खरी कसोटी लागते, कारण पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग सुंदर येतं आणि फसवं असतं. आकडा मे महिन्यात काय होईल, हे त्याने ऑगस्टमध्येच ओळखायचं असतं.

हीच माणसं ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा घराबाहेर रस्त्यावर दिसली. दापोली-मंडणगडकडे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. महावितरणच्या लाईनमनबरोबर कंत्राटदारांच्या टोळ्या खांब उभे करत होत्या. अशा काळोखात दुकानादुकानांतून जनरेटर सुरू होतात, आणि इथे घरातली वायरिंग आणि खांबावरचा माणूस एकाच तारेने बांधले जातात. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. जनरेटरला चेंजओव्हर स्विच नसेल, तर त्याचे २३० व्होल्ट मीटरमधून उलटे बाहेर पडतात आणि ११ हजारांच्या ‘बंद’ तारेवर हजारो व्होल्ट होऊन चढतात. साठ-सत्तर खांब पलीकडे कोणी तिला हात लावत असतो.

तेव्हा टोळीचा प्रमुख वेगळंच एक परमिट घेतो, म्हणजे लाईन बंद केल्याची लेखी हमी. तेवढ्यावर न थांबता कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा साखळीने एकमेकींना आणि जमिनीला जोडतो. सड्यावर जमिनीचा भरवसा कमी, म्हणून तारा एकमेकींना जोडणं तितकंच मोलाचं : उलटी आलेली वीज तिथल्या तिथे शॉर्ट होते आणि तिचा दाब कोसळतो. काम झालं की माणसं खाली उतरल्याची खात्री करायची, साखळ्या काढायच्या, आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. त्याच्या ऐवजी दुसऱ्या कोणी फोन करून ‘झालं काम’ सांगितलं, तर सबस्टेशनवरच्या ऑपरेटरने लाईन चालू करायची नाही.