शिक्षकांची कल्पकता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कल्पकता म्हणजे मोकाट सुटलेली बुद्धी आणि पद्धतशीर विचार म्हणजे साचा, अशी वाटणी शिक्षक-प्रशिक्षणात सर्रास गृहीत धरली जाते. पुढचे बहुतेक गैरसमज याच वाटणीतून निघतात.

गैरसमज : कल्पकता उपजत असते, शिकवून येत नाही.
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्येच मांडले होते की सर्जनशील कृती, कमी-अधिक प्रमाणात का होईना, जवळजवळ प्रत्येकाकडून अपेक्षित धरता येते. 'उजव्या मेंदूची माणसे कल्पक' हा समजही असाच टिकून आहे. मेंदूच्या दोन अर्धगोलांची काही कामे वेगळी आहेत, हे रॉजर स्पेरी यांच्या संशोधनातून दिसले आणि त्यांना १९८१ चे नोबेल मिळाले. पण माणसांचे 'उजवे' आणि 'डावे' असे प्रकार त्यातून सिद्ध होत नाहीत.

गैरसमज : गट करून चर्चा घडवली की नव्या कल्पना आपोआप सुचतात.
कार्यशाळेत गट पाडणे, तक्ते आणि स्केचपेन वाटणे हा जणू विधीच झाला आहे. त्यामागची 'ब्रेनस्टॉर्मिंग'ची कल्पना जाहिरात व्यवसायातील ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी लोकप्रिय केली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तिची पडताळणी झाली. एकत्र बसलेल्या चौघांच्या तुलनेत, स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्यांची संख्या जवळपास दुप्पट भरली. कारण साधे आहे : गटात एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत सुचलेले विसरतात किंवा गिळून टाकतात. म्हणून आधी प्रत्येकाने एकट्याने लिहावे आणि मग गटात मांडावे, हा क्रम अधिक फलदायी ठरतो. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांनाही त्याचा उपयोग होतो.

गैरसमज : काटेकोर नियोजन कल्पकतेला मारक असते.
आपल्याकडे पाठाचे टाचण बरेचदा तपासणीपुरते लिहिले जाते, त्यामुळे हा समज बळावला असावा. जपानमध्ये 'जुग्यो केन्क्यू' म्हणजे पाठ-अभ्यासाची जुनी परंपरा आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, इतर जण मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर चर्चा होते. आराखड्यात शिक्षक काय बोलेल याबरोबरच मुले कोणती उत्तरे देतील, चुकीचीसुद्धा, हे आधीच लिहिलेले असते.

उदाहरणार्थ, १/२ आणि १/३ यांची बेरीज. अनेक मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ म्हणतात. 'चूक' म्हणून फुली मारणे सोपे. पण २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे हे ज्याच्या लक्षात आहे, तो शिक्षक विचारतो : अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसे? हा प्रश्न कल्पक आहे, पण तो विषयाच्या पक्क्या जाणकारीतून आणि मुलांच्या चुकांवर आधीच केलेल्या विचारातून येतो. आयत्या वेळच्या स्फूर्तीवर तो सोडून चालत नाही.

गैरसमज : एका कार्यशाळेत शिक्षक बदलतो.
मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. त्यात मुलांनी करायचे प्रयोग प्रशिक्षणात शिक्षक स्वतः करत. काही प्रयोग फसत, अनपेक्षित निष्कर्ष निघत आणि वाद रंगत. शाळा सुरू झाल्यावर मासिक बैठकांत वर्गातल्या अडचणींवर चर्चा चाले आणि शिक्षकांच्या अनुभवांवरून पुस्तकेही सुधारली जात. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने हे काम पुढे नेले. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तोवर तो शेकडो शाळांत पोचला होता. या तीस वर्षांत शिक्षकाला पुन्हा पुन्हा सहकाऱ्यांसमोर बसून आपल्या वर्गाचा हिशेब मांडावा लागला, आणि एकदिवसीय कार्यशाळेत नेमकी हीच सोय नसते.