क्रेडिट कार्डचं बाकी बिल दुसऱ्या कार्डवर टाकावं का? ‘शून्य टक्के व्याजा’चं गणित समजून घ्या

मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी. रोजच्या या धावपळीत फोन वाजतो, ‘मॅडम, तुमच्या कार्डचं बाकी बिल आमच्या कार्डवर घ्या, दोन महिने शून्य टक्के व्याज!’ डोक्यावर लाखभराची थकबाकी असेल, तर हा फोन देवासारखा धावून आल्यासारखा वाटतो. पण होकार देण्याआधी थोडी आकडेमोड गरजेची आहे.

एका बँकेच्या कार्डवरची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डवर, कमी व्याजात नेणं म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर. यात कर्ज संपत नाही, फक्त जागा बदलतं.

मुळात थकबाकी फिटत का नाही?

समजा, अंधेरीत नोकरी करणाऱ्या एका तरुणीच्या कार्डवर १ लाख रुपये बाकी आहेत. व्याज महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. महिन्याचं व्याज झालं ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. तिने ‘मिनिमम ड्यू’ म्हणून ५,००० रुपये भरले, तर ४,१३० रुपये व्याज आणि करातच जातात. मूळ कर्ज कमी होतं फक्त ८७० रुपयांनी!

त्यात जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा भरला, तरी त्याच दिवसापासून व्याज सुरू.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली होती. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे स्वस्त पर्याय ग्राहकालाच शोधावा लागतो.

ऑफर दोन प्रकारच्या असतात

पहिली, साधारण दोन-तीन महिने शून्य किंवा अगदी कमी व्याज. इथे प्रोसेसिंग फी लागते. ती २ टक्के धरली, तर १ लाखावर २,००० रुपये आणि जीएसटी ३६० रुपये. मुदतीत सगळे पैसे भरले तर फायदा आहे. नाही भरले, तर उरलेल्या रकमेवर कार्डचं नेहमीचं व्याज लागतं. म्हणून बोनस, पीएफ किंवा भिशीचे पैसे नक्की येणार असतील, तरच ही ऑफर उपयोगाची.

दुसरी, ठरलेल्या महिन्यांचे ईएमआय. पगारातून कर्ज फेडणाऱ्यांसाठी ही जास्त सोयीची. १ लाख रुपये १२ महिन्यांत फेडायचे असतील, तर मुद्दल सोडून अंदाजे खर्च असा येतो:

- जुन्या कार्डवरच (महिना ३.५ टक्के): सुमारे २९ हजार रुपये
- बॅलन्स ट्रान्सफर (महिना १.५ टक्के, फी १ टक्का): सुमारे १३ हजार रुपये
- पर्सनल लोन (वर्षाला १५ टक्के, फी २ टक्के): सुमारे १०,७०० रुपये

पर्सनल लोन इथे स्वस्त का पडलं? व्याजदर कमी आहेच, पण कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. कार्डच्या व्याजावर तो लागतो. ऑफिसची पतपेढी असेल, तर तिथला दरही आधी विचारावा.

होकार देण्याआधी काय विचारायचं?

- व्याज, फी आणि जीएसटी धरून एकूण किती रुपये जाणार?
- मुदत संपल्यावर दर किती?
- एक हप्ता चुकला तर ऑफर रद्द होते का?
- पूर्ण थकबाकी ट्रान्सफर होईल का? नव्या कार्डच्या लिमिटचा ठरावीक भागच मिळतो. उरलेली रक्कम जुन्या कार्डवर जुन्याच दराने राहते.
- मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का?

ही उत्तरं लेखी घ्यावीत. आणि फोनवर कुणी ओटीपी किंवा ‘आधी फी पाठवा’ म्हणालं, तर फोन सरळ ठेवून द्यावा.

खरा धोका ट्रान्सफरनंतर

थकबाकी गेली की जुन्या कार्डचं लिमिट पुन्हा मोकळं होतं. तिथेच सेलमध्ये मोबाइल घेतला, तर एकाची दोन कर्जं होतात. म्हणून जुन्या कार्डचं लिमिट कमी करावं किंवा कार्ड बंद करावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार काही बाकी नसेल, तर विनंतीनंतर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. त्यापुढे उशीर झाला, तर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात.

नव्या कार्डवरही हप्ता संपेपर्यंत खरेदी टाळलेली बरी. वरच्या उदाहरणात हप्ता आणि त्यावरचा जीएसटी मिळून महिन्याला साधारण ९,३०० रुपये लागतात. घरभाडं, पास, डबा वजा जाता तेवढे हातात उरत नसतील, तर जास्त मुदतीचं कर्ज शोधावं. व्याज थोडं जास्त जाईल, पण हप्ता चुकणार नाही.